दार उघडलं की बाण

—आ करा. अजून मोठा. रविवारी टेबलावर ओरडताना उघडता तेवढा. हं, आता बोलायचं नाही, दुखलं तर डावा हात वर. भूल चढलीय ना? चढलीच असणार, ओठ बघा कसा लोंबतोय. सिस्टर, सक्शन धरा — आणि हसू नका, हे आमच्या खेळाचे पंच आहेत. कसला खेळ? अहो, दर रविवारी आमच्याकडे पाच प्रौढ माणसं टेबलाभोवती बसून राक्षस मारतात. कागदावर हो! मी तिरंदाज, माझा नवरा सरदार, आणि हे पंच गोष्ट सांगणार, फासे टाकायला लावणार, आणि कोण मेलं कोण जगलं ते जाडजूड पुस्तकातला नियम बघून ठरवणार. गेल्या रविवारी ह्यांच्या एका नियमापायी मी नवऱ्याला मारलं. म्हणजे त्याच्या सरदाराला. हात खाली घ्या, अजून ड्रिल लावलंच नाहीये.

नियम असा, सिस्टर — आपल्या पाळीला लगेच वार न करता नुसतं सांगून ठेवता येतं, की अमुक झालं तर मी तमुक करीन. मी सांगितलं, दार उघडलं की बाण सोडते. बाहेर राक्षस, आत आम्ही तिघं, दोन तास ते दार अडवून बसलेलो. सरदार कुठे? सरदार दुसऱ्या वाटेनं गेलेले, आणि नवरा स्वयंपाकघरात फोनवर. तो आला, बसला, आणि दार उघडलं कुणी? त्यानंच. आम्हाला वाचवायला! पंच म्हणाले, बोललात ना, मग बाण सुटला. वीस पैलूंचा फासा टाकला — वीस म्हणजे थेट वर्मी घाव; अकरा वर्षं खेळतेय, पण ऐन वेळी मला कधी वीस पडले नव्हते, त्या दिवशी पडले. सरदार जागच्या जागी आडवा. आणि नवरा चिडला का? छे! नियम तो नियम, तुझा काय दोष, म्हणाला. वर मलाच चहा करून दिला. त्याच्या सरदाराची एवढीशी धातूची मूर्ती आहे, मिशीसुद्धा त्यानं एका केसाच्या ब्रशनं रंगवलीय — ती कापसात गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवली. कापूस माझ्याच दवाखान्यातला. तेव्हापासून पेन्सिल घेऊन पुस्तक वाचतोय, सरदाराला उठवायची पळवाट कुठे सापडते का म्हणून. सिस्टर, जरा एक्स-रे घेऊन या बरं. सावकाश या.

गेली. आता ऐका, पंच, मुकाट्यानं ऐका. ती ओळ मी सोमवारीच वाचलीय, दोन पेशंटच्या मधे. ठरवलेली गोष्ट घडली तरी वार करायचा की सोडून द्यायचा, ही खेळाडूची मर्जी — असं चक्क छापलंय. तुमचा निकाल चुकला! तुम्हाला वाटेल, मग बरंच झालं, सरदार जिवंत. काय बरं झालं? सक्ती असेल तर सरदार मेला आणि मी निर्दोष. मर्जी असेल तर सरदार उठेल आणि नवरा विचारेल, मग तू थांबली का नाहीस? आणि मला तर — तुम्ही सांगितलंच होतंत ना, दारात सरदार उभा आहे, लाल तुरा दिसतोय. मी ऐकलं होतं. तुमचं वाक्य संपायच्या आत फासा उचलला मी. बघितलंत तुम्ही. मान हलवू नका, ड्रिल चालू आहे!

त्या रविवारी भिंतीपलीकडून नवऱ्याचा फोन ऐकू येत होता हो. मोठ्या भावाशी बोलत होता. तुझं नवं हॉस्पिटल उघडलं की ती तिकडेच बसेल, हा दवाखाना बंद करू, तिला काय विचारायचंय. पंधरा वर्षं, पंच! ही खुर्ची मी स्वतः निवडून आणलीय. आणि नंतर हात चोळत येऊन बसला, म्हणे, आलो मी, आता घाबरू नका. राग आला. फार राग आला. वीस पडले तेव्हा आनंदसुद्धा झाला, खोटं कशाला बोलू? मग तो कापूस बघितला आणि स्वतःचीच लाज वाटली.

म्हणून सांगते, तो तुम्हाला विचारायला आला तर सक्तीच होती असं सांगा. पंचांचा शब्द तो मोडणार नाही. म्हणेल, बघ, तुझा काय दोष — आणि चहा करील — आणि पुढच्या महिन्यात दवाखान्याची पाटी उतरवायला माणूस बोलावील. कारण ‘का मारलंस’ हे तो विचारणारच नाही. त्यानं विचारलं नाही, तर मी तरी कधी सांगणार? पाच दिवस झाले, अजून तोंड उघडलेलं नाही मी.

नाही. राहू दे. खरं तेच सांगा. मर्जी होती म्हणा, निकाल चुकला म्हणा. आज संध्याकाळीच फोन करा त्याला. विचारू दे त्याला मला, का मारलंस म्हणून.

हं, चूळ भरा. काही बोलू नका, जीभ चावली जाईल. सिस्टर, एक्स-रे राहू दे, पुढच्यांना पाठवा.