पैजेवरची काळी शेळी

तुमी पोरांना कार्टूनवरून भांडताना हसता, पण म्या त्याच्यापायी शेळी पणाला लावली होती.

आमच्या साखऱ्या गावात तवा टीव्हीवर एक जपानी कार्टून लागायचं. मी लाल पट्टीवाल्याच्या बाजूचा, शेजारचा गौतम पांढऱ्या केसवाल्याच्या.

"माझावाला एका बुक्कीत डोंगर फोडतो!"

"माझ्यावाल्यानं तर आजून एक हात खिशातून काढला न्हाई!"

भांडण इतकं पेटलं, की शनिवारी कार्टूनातल्या या दोघांची लढाई होती, तिच्यावर म्या आमच्या दावणीची काळी शेळी लावली.

शनिवारी पांढऱ्या केसवाल्यानं खिशातला हात काढला अन् लाल पट्टीवाला आडवा. गौतम लगेच दोर घेऊन शेळी मागायला आमच्या दारात उभा.

आमच्या आबांनी माझा कान धरला. "काहून लावली रे शेळी? ह्या गौतमपाशी हरला?"

"व्हय."

आबांनी कान सोडला अन् हसतच सुटले. "अरे, ती त्याच्याच बापाची हाय! आपुन अर्धलीनं पाळतो, निम्मी पिल्लं आपली, निम्मी त्यायची."

माझा जीव भांड्यात पडला. गौतम मात्र दोराकडं बघत म्हणाला, "मंग आबा, म्या जिंकलं काय?"

"तिला रोज चारायची तकलीफ, बाप्पा. ने सोडून!"