दक्षिणेचं दार

चारच दारं हायती साहेब, मोजा की — दोन म्होरं, एक उत्तरंला, एक दक्षिनंला. नियमात दोनच मागितल्यात, ठाव हाय मला. मुन्शिपालटीचा त्यो छापील कागूद माज्याइतका ह्या पेठंत कुनी वाचला नसंल — नव्या पेठंत मागाची शेड बांदा, दोन दारं ठिवा, शेजाऱ्याच्या भिंतीपातूर पाच हात बोळ मोकळी सोडा, की सात वरसं घरपट्टी माफ. तोंडपाठ हाय. मग जास्तीची दोन कशाला? असू द्यात की. त्येच्यापायी चार माग कमी बसत्यात, बसू द्यात. तुमी बसा, ह्या पेटीवर बसा. बिरप्पा च्या आनायला गेलाय, येतोच. माजा राखनदार हो — कुंभारी गावचा धनगर, लई भला मानूस.

काय लिवताय त्ये? शेरा? वाचून दावा बरं — "ईश्वरप्पांची शेड इतर मालकांनी येऊन पाहावी अशी आहे" — न्हाय न्हाय, त्ये खोडा. लाजत न्हाय हो, लाजतोय कुटला! खोडा म्हनतो. दारं चार, बोळ पाच हात, तेवडंच लिवा. का म्हनून? तुमी पुन्यासनं आत्ता आलाय, तुमाला कोन सांगनार — ह्या पेठंनं मला फेटा बांदलाय, साहेब. चावडीम्होरं, हलगी वाजवून. मानूस वाचवाया गेलो म्हनून. वाचवाया! मला!

येताना माजी पयली शेड बगितली न्हवं, काळी पडल्याली? तीबी दोन दारांचीच. तुमच्या आदीचे ओवरशेर आले, दोनी दारं उगडून बगितली, माफी दिली, समदं रीतसर. त्येंचा काय दोष न्हाय. पन जागाच तशी, मागलं दार दक्षिनंला आलं. आमची अव्वा — आई हो, अक्कलकोटाकडची, कानडी मुलुकातली — बगितल्या बगितल्या म्हनली, ब्याड, नको, यमाच्या दिशंला दार ठिवू नगंस, घर खाईल त्ये. मी हासलो. मग वरसाच्या आत धाकटी पोर तापानं गेली, दोन माग मोडले, बैल बसला त्यो उटलाच न्हाय. मग कसला हासतोय? दार काडावं तर माफी जाती, ठिवावं तर घर जातं — हिकडं आड, तिकडं हीर. तवा मी अक्कल चालवली. भाईरनं, बोळीतनं, चौकटीत वीट भरून घेतली, वर गिलावा मारला. आतनं फळ्या तशाच, कडी तशीच, बिजागऱ्यांला तेल. अव्वाला पटलं. दरसाल बगाया मानूस यायचा, त्येला आतनं दार दिसायचं, जायचा. देवबी राजी, कचेरीबी राजी. लई शाना की न्हाय मी?

कामाच्या मान्सांला सांगून ठिवलं, त्ये दार उगडायचं न्हाय, वाऱ्यानं सूत तुटतं. कुनी इचारलंबी न्हाय. वीट भरल्याली मला ठाव आनि गवंड्याला, नि त्यो गवंडी त्याच साली विजापुराकडं निगून गेला. राजाबाई तर दर अमुशेला त्या उंबऱ्याला हळद-कुकू लावायची. राजाबाई म्हंजे बिरप्पाची बायकू. मेंढरं रोगानं मेली तवा दोगं कामाला लागली. ती माज्याकडं सुताच्या कांड्या भराया बसायची. कुंभारीतनं चालत यायची, चालत जायची. तोंडानं फटकळ. मलाबी बोलायची — मालक, सुताची खळ पातळ झाली, असं सूत कसं तरंल? पन तिनं भरल्याली कांडी कदी अडकली न्हाय.

चैताचा वारा सुटल्याला, भर दुपार. खळ शिजवायची चूल भाईर अंगनात आसती, पन वाऱ्यानं जाळ धरंना म्हनून बायकांनी ती आत घेतली. ठिनगी उडाली ती सुताच्या ढिगात. म्होरल्या दारानं समदी भाईर पडली — अकरा मान्सं, मीबी त्येंच्यात. राजाबाई मागल्या अंगाला बसल्याली. म्होरलं दार तिला लांब न्हवतं साहेब. ईस पावलं. मी मोजल्यात, एकदा न्हाय, लई येळा मोजल्यात. डाव्या भिंतीकडनं वाट मोकळी व्हती. गुंडा नावाचा गडी तिच्या शेजारीच बसायचा, त्यो त्याच वाटंनं जगून आला की! पन तिच्या पाठीशी दार व्हतं. जवळचं दार सोडून लांबच्याकडं कोन पळतंय? तिनं कडी काडली, फळ्या आत वडल्या — आनि म्होरं वीट. दार नसतंच, सादी भिंत असती, तर ती म्होरं पळाली असती. तिला दारानं मारलं. दारानं न्हवं. म्या.

मी बोळीत गेलो, पहार घेतली, वीट फोडली. उशीर झालता. लोक धावत आले त्येंनी काय बगितलं? मालक रडतोय, हात भाजल्याले, चौकट जळून गेल्याली, भिंतीला भगदाड. म्हनले, दार अडकलं म्हनून मालकानं भिंत फोडली, जिवावर उदार झाला. मी गप. पंचनाम्यात तसंच लिवलं. मी गप. फेटा बांदला तवाबी गप. अव्वा मरस्तवर म्हनत ऱ्हायली, बगितलंस, दक्षिनंनं बळी घेतलाच — आनि मी मान हालवत ऱ्हायलो.

तुमी टाक का खाली ठिवला? असं बगू नका माज्याकडं. बरं, बगा, बगा. ह्यो बिरप्पा हाय न्हवं, त्यो दर सोमवारी सकाळी पाया पडतो माज्या. माज्या बायकूसाटी मालकानं हात जाळून घेतलं, असं येनाऱ्याजानाऱ्याला सांगतो. मी त्येला खोली दिली, चाकरी दिली. त्येला त्ये उपकार वाटत्यात, आनि मी पाय मागं घेतो. चार दारं कशाला म्हनलात — चार काय, चाळीस ठिवली तरी त्ये एक उगडत न्हाय. उद्या तुमचा शेरा वाचून पेठंतली मान्सं ही शेड बगाया येतील, बिरप्पा त्येंना हिंडवून दावंल, मालकाची कीर्त सांगंल, आनि मी हितं हुबा ऱ्हाऊन ऐकायची. माज्याच्यानं व्हनार न्हाय त्ये.

आला वाटतं. कागूद मिटा साहेब. पयल्या शेडीची माफी लबाडीची हाय, ती परत घ्या. सांच्याला कचेरीत येतो, समदं लिवून देतो, अंगठा न्हाय, सही करून देतो. आता जावा. च्या ऱ्हाऊ द्या.

ये बिरप्पा. ठिव त्ये खाली. न्हाय, साहेब पीत न्हाईत, निगालेत. तू कुटं चाललास त्येंच्या संगं? हितं बस, पेटीवर. बस म्हनतो न्हवं, मी खालीच बरा हाय, जमिनीवर. — अवो साहेब, जावा की तुमी! — बिरप्पा, माज्या हाताकडं बगू नगंस, तोंडाकडं बग. त्ये दार अडकलं न्हवतं रं.