अकरा दिवसांची दान रजा

...नाही, पण मी म्हणतो, मी मागितली होती का? तुम्हीच सांगा! मी एक चकार शब्द काढला नव्हता हो... म्हणजे काढला, पण तो आपला बाटल्यांना लेबलं लावता लावता, शेजारच्याला, सहज, की आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय आणि माझ्या रजा संपल्यात. बस्स, एवढंच. मग फोरमनला सांगितलं. मग जेवणाच्या सुट्टीत दोन्ही टेबलांना सांगितलं. गेटवरच्या वॉचमनला तर दोनदा सांगितलं. पण मागितली नव्हती हो!

तुम्हाला सांगतो, आधी गेलो हजेरी-कारकुनाकडे. हा माणूस नाकातून बोलतो. "किरकोळ रजा, संपली. अर्जित रजा, संपली. आजारपणाची आहे सहा दिवस. आजारी कोण?" म्हटलं, आई. "मग नाही. आजारपणाची रजा स्वतःच्या आजाराला. आई म्हणजे तुम्ही नव्हे." आता जिच्या पोटी जन्मलो ती मी नव्हे, तर मग मी कोण? म्हटलं, साहेब, मीच पडतो आजारी. "सर्टिफिकेट आणा." कुठून आणू? ही प्रकृती बघा माझी, ठणठणीत! कोणता डॉक्टर देईल?

शेवटी त्यानंच नियमांचं पुस्तक उघडलं. सहकाऱ्यांनी आपापल्या रजेतला एकेक दिवस दिला तर चालतो म्हणे. "मात्र दिलेली रजा परत होत नाही!" कागद फिरला आणि जेवणाची सुट्टी संपायच्या आत अकरा सह्या! अकरा! अहो, मला कधी कुणी पेन दिलं नाही उसनं! पॅकिंगच्या मावशींनी तर उरलेली एकुलती एक रजा दिली, डोळे तपासायला राखून ठेवलेली. म्हटलं, मावशी, नको हो. "घे रे बाबा, घे. आई आधी. उद्यापासूनच जा." फोरमन स्वतः गेटपर्यंत सोडायला आला. मी मागितली नव्हती हो!

आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टर काय म्हणतात? "ऑपरेशन कशाला? सकाळ-संध्याकाळ व्यायाम करा, बास." दवाखान्याच्या पायऱ्या आई माझ्याआधी उतरली. "मी म्हणतच होते. तुझंच आपलं काहीतरी!"

आता? लगेच कारकुनाला फोन. "परत होत नाही." बरं, मग कामावर येऊ का? "येऊ नका! नोंद झालीय!" आणि ठेवला फोन.

म्हणून घरी राहिलो. पहिले दोन दिवस तर खुर्चीत बसायचीसुद्धा लाज वाटायची, उभ्याउभ्या चहा प्यायलो. तिसऱ्या दिवशी बसलो. चौथ्या दिवशी... आता तुमच्यापासून काय लपवायचं, झोपलो हो. दुपारी. घोरलो! तो दिवस मावशींच्या डोळ्यांचा होता आणि मी तो घोरण्यात घालवला! जाग आली तर आई स्टुलावर चढून पंखा पुसतेय. वरूनच म्हणते, "गुडघा माझा आणि पडून तू!"

त्यानंतर घास उतरेना. सकाळी दाढी करायला आरशासमोर उभा राहिलो की मनात यायचं, आजचा दिवस ड्रायव्हरचा. आजचा फोरमनचा. लोकांचे दिवस मी बसून खातोय. आईलाही तेच सांगत होतो, सकाळी, दुपारी, संध्याकाळी. सातव्या दिवशी ती म्हणाली, "मला काय सांगतोस? जाऊन त्यांना सांग!"

गेलो. जेवणाच्या सुट्टीत, सगळ्यांसमोर उभा राहिलो आणि एका दमात सांगून टाकलं, डॉक्टर, फोन, खुर्ची, घोरणं, पंखा, सगळं! म्हटलं, शेण खाल्लं मी. मागितली नव्हती, पण शेण खाल्लं. माफ करा. आत्ता, या मिनिटाला कामाला लागतो.

अहो, चिडले असते तरी बरं होतं! पण सगळ्यांचे चेहरे पडले. मावशी हळूच म्हणाल्या, "आत्ता? अरे, अजून चार दिवस आहेत ना तुझे?" कारकून डबा खाता खाता ओरडला, "परत होत नाही!" म्हटलं, मावशी, पण तुमचे डोळे... "डोळ्यांचं राहू दे रे. कानांना किती बरं वाटतंय!"

मला आधी कळेचना. मग फोरमननं खांद्यावर हात ठेवला. तो हात इतका मायेचा होता की तिथंच मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. "वाईट वाटून घेऊ नकोस," म्हणाला, "पण सोळा वर्षांत पहिल्यांदा लेबलच्या मशीनचा आवाज नीट ऐकू आला. बेअरिंग वाजत होतं रे केव्हापासून. दुरुस्त करून घेतलं."

म्हणजे बघा! आठवडाभर मी इथे लाजेनं अर्धा झालो, की यांची रजा मी फुकट घालवतोय. आणि रजेवर होते ते! एकेक दिवस दिला आणि अकरा-अकरा दिवस घेतले हो त्यांनी!

खाली मान घालून घरी आलो. आईला सगळं सांगितलं, पहिल्यापासून, एकही गोष्ट न गाळता. निम्म्यातच ती उठली आणि पिशवी भरायला लागली. म्हटलं, कुठे निघालीस? म्हणे, "माझ्या बहिणीकडे." म्हटलं, किती दिवस?

"चारच."