व्हर्नाचा उद्याचा उपास

—नको, नको, झाकण उघडू नकोस गं बाई! भोपळ्याच्या केकचा वास आला तर माझं काही खरं नाही. निर्जळी आहे माझी, काल सूर्य मावळल्यापासून. बस ना, उभी का? समोर नवीन राहायला आलीस, पहिल्यांदा दार वाजवलंस, आणि नेमकं आजच — साधी कॉफी विचारता येत नाही तुला. काय म्हणालीस? ज्यू? छे गं, आम्ही येशूचेच. पण नाताळ नाही, बायबलातले सण पाळतो. आज प्रायश्चित्ताचा दिवस. देवाशी एक व्हायचं, आपसात एक व्हायचं. आपसात — हं! ते निळ्या खिडक्यांचं घर दिसतंय ना? माझी धाकटी बहीण, व्हर्ना. दोघी एकाच मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वाढलो, नवरे गेल्यावर एका कुंपणाला दोन घरं घेतली. मग मंडळी फुटली. कशावरून? हसशील — चंद्रावरून! आम्ही पंचांगाने चालतो, तिचे लोक म्हणतात, कोर डोळ्यांनी दिसेल तेव्हाच महिना सुरू. म्हणून तिचा उपास उद्या. आणि दर वर्षी माझ्या उपासाला ही बया खिडकी सताड उघडून कांदा परतते. मुद्दाम! मी? मी दुसऱ्या दिवशी कोंबडी भाजते, तेव्हा आपली... धूर कोंडतो म्हणून खिडकी उघडते.

पूर्वी उपास सोडायला सगळी मंडळी जमायची, काय गलका असायचा! आता उरलेले तिकडे लांब, टायलर शहरात जमतात. अंधारात गाडी चालवायला मला दिसत नाही, म्हणून प्रवचन फोनवर ऐकते. सूप मात्र मोठ्या पातेल्यातच होतं — हाताला एकटीचं माप येतच नाही. आणि खरं सांगू? पहिला घास घेताना फार एकटं वाटतं गं.

आज कांद्याचा वास नाही आला, बघ. बरी असेल ना ती? — तिच्याकडेही गेली होतीस? आत्ताच? मग, खाल्ला केक? — नाही? 'आज दिवे लागल्यावर खाईन' म्हणाली? चुकतेयस तू, आज दिवे लागल्यावर तर तिचा उपास सुरू व्हायचा. नीट आठव, पोरी. आज म्हणाली? पाणीसुद्धा नाही घेतलं?

...

ऊठ. जा तू आता. केक राहू दे. मागच्या बाजूने जा — तिच्या अंगणात उघडणारं फाटक आहे बघ कुंपणाला. कडी गंजलीय, जोर लाव. आणि उघडलंस की परत लावू नकोस. — काही बोलू नकोस गं, जा. सूर्य खाली आलाय, मला पातेलं चुलीवर ठेवायचंय.