हेल्मेटची आवश्यकता नाही

आणि हेल्मेट नाही म्हणे! नाही, तुम्हीच सांगा, चार व्हीलचेअर इकडून, चार तिकडून, मधे एक चेंडू, आणि मुद्दाम, ठरवून, घड्याळ लावून एकमेकांवर आदळायचं, आणि त्या अर्जावर खाली बारीक अक्षरांत छापलंय काय, तर 'हातमोजे सोबत आणावेत. हेल्मेटची आवश्यकता नाही.' आवश्यकता नाही… ही ओळ ज्यानं लिहिली त्याला मूलबाळ नसणार. डोळ्याला डोळा लागला नाही माझ्या. म्हणजे, तुम्हाला सांगते, मी काही काळजी करत बसणारी बाई नाही. मी आपली फक्त पुढचा विचार करून ठेवते. पण त्या रात्री छताकडे बघत मी इतका पुढचा विचार केला, की लेक आमची नऊ वर्षांची आणि मी तिची पस्तिसाव्या वर्षापर्यंतची सगळी हाडं मोडून मोकळी झाले होते.

अर्ज कसला, ते सांगते. आमची लेक तीन वर्षांची असताना आजारी पडली, तेव्हापासून व्हीलचेअरवर असते. पाय चालत नाहीत आणि हातांची पकडही जरा कच्ची. दर शनिवारी आम्ही तिला क्रीडा-हॉलवर नेतो, तिथे मुलांना खुर्ची वळवायला, उतारावर धरायला शिकवतात. त्याच हॉलच्या दुसऱ्या अर्ध्या भागात आपल्या देशाचा व्हीलचेअर रग्बीचा संघ सराव करतो. सराव कसला, भांड्यांची मांडणी दिवसातून दोनशे वेळा कोसळल्यासारखा आवाज. मी पहिल्या दिवशी प्रत्येक आवाजाला 'अगं बाई' म्हणाले. चाळिसाव्या 'अगं बाई'ला त्यांच्या प्रशिक्षक बाई आमच्याकडे आल्या, मला वाटलं ओरडणार, तर त्या लेकीच्या बोटांकडे बघत म्हणाल्या, "हिची पकड कच्ची आहे का हो?"

आता ह्या प्रश्नाला माझ्याकडे अकरा मिनिटांचं उत्तर तयार असतं, फायलीसकट. मी फाईल काढेपर्यंत बाई म्हणाल्या, "वा, मग ही आमचीच." म्हणजे हा खेळ ज्यांचे पायही अडतात आणि हातही अडतात त्यांच्याचसाठी. सहा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या लेकीच्या कच्च्या पकडीवर खूश झालं होतं, आणि मला आनंद व्हायच्या आत हातात अर्ज. नवशिक्यांची तुकडी. पालकांची सही. त्यांची एक स्पर्धा येतेय, तिच्या शेवटच्या दिवसापर्यंत आणून द्या.

वीस दिवस तो अर्ज माझ्या पर्समध्ये. लेक रोज विचारायची, "आई, सही?" मी म्हणायची, "पेन सापडत नाहीये गं." पर्समध्ये चार पेनं. तिला माहीत होतं चार आहेत, तीच मोजून ठेवते.

बाबाला विचारलं, तर बाबा म्हणाला, "बघू." आमच्याकडे बाबा हा माणूस असा आहे, की घरात धूर झाला तर तो आधी चष्मा शोधेल, मग चपला शोधेल, मग दारात उभा राहून विचारेल, "काही जळतंय का?" फोन चौथ्यांदा वाजल्यावर उचलतो आणि "कोण?" म्हणतो. समोर माझं नाव दिसत असतं, तरी "कोण?" अशा माणसाच्या घरात कुणीतरी एकानं पुढचा विचार करायला नको? मी काळजी करणारी नाही हो, पण टेबलांच्या कोपऱ्यांना स्पंज मी लावला, तिच्या खुर्चीला मागून घंटी मी बांधली, आणि "ब्रेक लावलास का?" हे दिवसातून तीस वेळा मी विचारते. झोपेत विचारते, असं बाबा म्हणतो. तो झोपलेला असतो, त्याला कसं कळतं, देव जाणे.

तर स्पर्धा. आंतरराष्ट्रीय. आठ देश, आणि भरली कुठे, तर आमच्याच हॉलमध्ये! बाहेर बसमधून खुर्च्या उतरतायत, एकेका खेळाडूच्या दोन दोन, एक रोजची आणि एक लढाईची. लढाईचीच म्हणायची ती, पुढे लोखंडी बंपर, चाकांना ताटाएवढी झाकणं, आणि त्या झाकणांवर इतके पोचे, की आमच्या घरातली जुनी पातेली नवी वाटावीत. आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशी प्रशिक्षक बाईंचा मला फोन. त्यांच्या बाकावरचा पाणी मारणारा माणूस तापानं पडला. मी म्हटलं, पाणी मारणारा म्हणजे? तर ह्या खेळातल्या बऱ्याच जणांना मानेला दुखापत झालेली असते, त्यांना घामच येत नाही. अंग तापत जातं, निवत नाही. म्हणून बाकावर एक जण फवाऱ्याच्या बाटल्या घेऊन बसतो आणि खेळाडू बाहेर आला की तोंडावर, मानेवर पाणी मारतो. "तुम्ही तशाही स्पर्धेला रोज येणारच," बाई म्हणाल्या, "तुम्हाला जमेल ना?"

जमेल ना! कुणाचं तरी अंग तापतंय आणि मी पाणी मारायचंय, अहो, ह्यासाठीच तर माझा जन्म. पहिल्या सामन्यात मी अशी काही फवारणी केली, की संघातली जी सर्वांत लहानखुरी खेळाडू, तिला सगळे टाचणी म्हणतात, ती नखशिखांत भिजून म्हणाली, "ताई, मी झाड नाहीये. दोन पिचकाऱ्या पुरे." मी म्हटलं, "डोळ्यात गेलं का? पुसू का? आणि जरा सावकाश जा हं." त्यावर प्रशिक्षक बाईंनी मला बाजूला घेतलं. "तुम्ही पाणी मारा, कितीही मारा. पण माझ्या खेळाडूंना सावकाश जा म्हणू नका. मी तीन वर्षं त्यांना जोरात जा शिकवतेय." आणि वर बजावलं, "कुणी पडलं, तर शिट्टी वाजेपर्यंत बाकावरून कुणीही हलायचं नाही. शिट्टी वाजली की आपली दोन माणसं जाऊन उचलतील. तुम्ही कुठे असणार?" मी म्हटलं, "बाटल्यांजवळ." "पुन्हा सांगा." "बाटल्यांजवळ." तळहातावर लिहूनसुद्धा ठेवलं मी. फवाऱ्यानं पुसलं गेलं.

चार दिवस मी जागची हलले नाही, हे तुम्ही लक्षात घ्या. नाहीतर लोक पाचव्या दिवसाचंच बोलतात.

पाचवा दिवस. तिसऱ्या क्रमांकाचा सामना. जिंकलो तर पदक, हरलो तर नुसता फोटो. वर प्रेक्षकांत पुढच्या कठड्याशी आमची लेक तिच्या वर्गातल्या मुलांबरोबर, माझ्या पर्समध्ये बिनसहीचा अर्ज, आणि अर्जाचाही तोच शेवटचा दिवस. समोरच्या संघात एक असा आडवा-उभा माणूस, की त्याचं नाव मी मनात कपाट ठेवलं. आणि ह्या खेळात बायका-पुरुष एकत्रच, त्यामुळे त्या कपाटाला अडवायचं काम कुणाचं, तर टाचणीचं! ती आपली जाऊन त्याच्या चाकात बंपर अडकवायची आणि हसायची. तो ढकलायचा, ही हसायची. मी इकडे बाटलीचा खटका दाबतेय, जमिनीवरच.

सत्तेचाळीस-सत्तेचाळीस. एक मिनिट राहिलेलं. चेंडू आपल्या कप्तानाच्या मांडीवर, आणि ह्या खेळात चेंडू घेऊन चाकं रेषेपार गेली की गोल. कपाट आडवं आलं, टाचणी त्याच्या आडवी गेली, धडाम, आणि टाचणी खुर्चीसकट उताणी! पट्ट्यांनी बांधलेली, चाकं वर, गरगर फिरतायत. आता शहाण्या माणसाला काय दिसलं असेल, की कपाट अडकलंय, रस्ता मोकळा झालाय, आणि कप्तान सुसाट निघालाय. मला एवढंच दिसलं, की कुणाची तरी लेक पडली.

मी कधी उठले, मला खरंच आठवत नाही. बाटली हातात होती, हे आठवतं. मैदानाच्या मधोमध गुडघे टेकून मी म्हणतेय, "बाळा, हलू नकोस, डोकं कुठे लागलं?" आणि टाचणी खालून, उलट्या तोंडानं माझ्याकडे बघतेय. म्हणाली, "ताई, गोल झाला का?"

मी वळून बघितलं. कप्तान रेषेच्या दोन हात अलीकडे थांबलेला. कारण शिट्टी वाजली होती. माझ्यासाठी.

पडलेल्यासाठी शिट्टी वाजणारच नव्हती हो लगेच, पंच मुद्दाम थांबल्या होत्या, आपला गोल होऊ दे म्हणून! त्या पंच बाई परदेशातल्या, त्यांची भाषा मला येत नाही, माझी त्यांना येत नाही, पण बोट सगळ्यांना कळतं. बोट आधी माझ्याकडे, मग वर प्रेक्षकांकडे. गोल नाही. चेंडू त्यांना. आणि मी हद्दपार. प्रशिक्षक बाईंनी फक्त बाटल्यांकडे बघितलं, आणि मला वाटलं, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

अख्ख्या हॉलसमोर मी त्या पायऱ्या चढले. पर्स खांद्याला, फवाऱ्याची बाटली अजून हातात, ठेवायची कुठे तेही सुचेना. लेकीच्या शेजारी एक जागा होती, तिथे बसले. तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

"आई, शिट्टी वाजली नव्हती."

"माहितीये."

"मग?"

मी काळजी करणारी बाई नाही, हे सांगू? तिला? त्या क्षणी?

इतक्यात खेळ सुरू. चेंडू कपाटाकडे. आणि ही आमची पोरगी, जिला तीनचा पाढा येत नाही, ती मला सांगायला लागली, "आई, दहा सेकंदांत त्याला एकदा टप्पा मारावा लागतो किंवा चेंडू दुसऱ्याला द्यावा लागतो, नाहीतर चेंडू आपला." टाचणीला खुर्चीसकट सरळ केलं होतं, ती तशीच जाऊन डावीकडून चिकटली, कप्तान उजवीकडून, मधे कपाट, हात बाहेर काढायला फट नाही. लेक मोजायला लागली. "चार… पाच…" तिच्या वर्गातली मुलं मोजायला लागली. "सहा… सात…" कपाट डावीकडे ओढतंय, टाचणी हसतेय. "आठ…" सगळा हॉल मोजतोय, मी मोजतेय, शेजारचे एक काळ्या कोटातले गृहस्थ उभे राहून मोजतायत. "नऊ… दहा!" शिट्टी! चेंडू आपला!

एकवीस सेकंद. चेंडू पुन्हा कप्तानाकडे. कपाट पुन्हा आडवं. आणि टाचणी, अहो, त्याच जागी, त्याच वेगानं, तिला दुसरं काही सुचत नाही का, पुन्हा त्याच्या आडवी! धडाम! आणि ह्या वेळी आमच्या कठड्याखालीच उताणी, माझ्यापासून दहा पावलांवर. माझी पर्स मांडीवरून पडली, मी अर्धी उठलेली, एक पाय कठड्याकडे…

"आई," मैदानावरची नजर न हलवता लेक म्हणाली, "ब्रेक."

बसले. काय सांगू तुम्हाला, बसले मी. दोन्ही हातांनी गच्च धरलं जे मिळेल ते, आणि मिळालं काय, तर एका हाताला खुर्चीचा दांडा आणि दुसऱ्या हाताला बाटलीचा खटका. काळ्या कोटातले गृहस्थ मानेपासून कमरेपर्यंत भिजले. वळून बघितलंसुद्धा नाही त्यांनी, इतके गुंग. आणि तेवढ्यात मी पहिल्यांदा नीट बघितलं, की पडलेली टाचणी कुणाकडे मदतीला बघत नव्हती. मान वाकडी करून ती रेषेकडे बघत होती. कप्तानाची चाकं गेली रेषेपार. अठ्ठेचाळीस. भोंगा. संपलं!

त्यानंतरचं मला धड सांगता येणार नाही. कोण कुणाला मिठी मारत होतं पत्ता नाही, मी त्या गृहस्थांना मारली, ओले होते. मग दोघांनी टाचणीला उचलून सरळ केलं, ती कठड्याशी आली, लालबुंद तोंड, म्हणाली, "ताई, पाणी." मी दोन पिचकाऱ्या मारल्या आणि थांबले. "मारा हो," ती म्हणाली, "आज झाड समजून मारा."

मग मी पर्स उचलली. अर्ज काढला. पेन पहिल्या झटक्यात सापडलं. कठड्यावर कागद ठेवला आणि 'पालकांची सही' लिहिलंय तिथे सही केली. अक्षर जरा वाकडं आलं, कठडा हलत होता. कागद लेकीच्या हातात दिला आणि थांबले. म्हणजे काही अपेक्षा नव्हती माझी, मी काही तशी बाई नाही, पण वीस दिवस, एक हद्दपारी, भरल्या हॉलसमोर झालेली शोभा, एवढ्यानंतर निदान गळ्यात पडेल, निदान "आई गं" म्हणेल, असं कुणालाही वाटेल की नाही?

तिनं अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला. ती सगळं वाचते. मग एका रिकाम्या चौकटीवर बोट ठेवलं. 'अपघात झाल्यास कुणाला कळवावे.'

"आई," ती म्हणाली, "इथे बाबाचा नंबर लिही. तू फार लवकर येतेस."