कोटाचा ओला खांदा

बायको: म्हणून सांगते, उगाच भलतंसलतं कन्स्ट्रू करू नका.

शिंपी: काय करू नको?

बायको: कन्स्ट्रू. म्हणजे कुणाच्या बोलण्याचा, वागण्याचा अर्थ लावणं.

शिंपी: मग अर्थ लावू नका म्हण ना! अकरा वर्षं साध्या शब्दांत भांडलीस, आजच काय झालं?

बायको: वकिलांच्या ऑफिसात दिवसभर तेच टाइप करते. तोंडात बसलाय शब्द.

शिंपी: शब्द बसलाय की वकीलसाहेब?

बायको: अहो, तोंडात टाचण्या धरून वाट्टेल ते बोलू नका. टोचतील.

शिंपी: टोचल्याच आहेत. त्याचा कोट आणून माझ्याच मांडीवर टाकलास.

बायको: अस्तर फाटलंय. घरात शिंपी असताना दुसरीकडे देऊ?

शिंपी: अस्तर आतून असतं. तुला कसं दिसलं?

बायको: खुर्चीवर टांगतात ते कोट. सगळ्या ऑफिसला दिसतं.

शिंपी: आणि काल पावसात तुला कोपऱ्यापर्यंत सोडलं, ते? मी या काचेतून बघत होतो. छत्री पूर्ण तुझ्यावर. हा बघ डावा खांदा, हात लाव. अजून ओलसर आहे.

बायको: माणुसकी म्हणतात त्याला.

शिंपी: हे तुझं कन्स्ट्रू. माझं सांगू? जळतोय मी. काल जेवण गेलं नाही. सोड ती नोकरी.

बायको: नाही सोडणार.

शिंपी: आवडतो तो तुला?

बायको: तो नाही. पत्र टाइप झालं की ते विचारतात, "तुम्हाला काय वाटतं?" माझं कधी ऐकतात, कधी नाही. पण विचारतात. ते आवडतं.

शिंपी: एवढंच?

बायको: तुम्हाला एवढंसं वाटतं. तुम्ही दुकान इकडे हलवलंत, लेकीची शाळा बदललीत. मला कधी कळलं? सामान टेम्पोत चढल्यावर.

शिंपी: तुझा त्रास वाचावा म्हणून...

बायको: मी तसं नाही कन्स्ट्रू केलं.

(शिंपी उठून कपाटातून अस्तराचे दोन तागे काढतो.)

शिंपी: काळं अस्तर आहे. राखाडीही आहे.

बायको: बरं.

शिंपी: कुठलं लावू? म्हणजे... तुला काय वाटतं?

बायको: दोन्ही आणा खिडकीपाशी. उजेडात बघते.