दोन खुर्च्यांचा पास

विहीण: काय म्हणालात? परत म्हणा, या घोळक्यात नीट ऐकू आलं नाही.

व्याही: म्हटलं, आजचा ऑपेरा तुम्ही एकट्याच बघा. मी फक्त पास द्यायला आलोय.

विहीण: पास द्यायला कुणी कडक इस्त्रीचा शर्ट घालून येतं?

व्याही: शर्ट घातला तेव्हा यायचंच ठरलं होतं. बसमध्ये विचार बदलला.

विहीण: तब्येत बरी आहे ना? हात बघू इकडे.

व्याही: नाडी सोडा हो, विहीणबाई! वॉर्डातून निवृत्त झालात तरी दिसेल त्याचा हात धरता. लोक बघताहेत.

विहीण: बघू देत. चौतीस वर्षं नर्स होते, आता सवय मोडायची नाही. कारण सांगा.

व्याही: काल मुलाचा फोन आला.

विहीण: अच्छा.

व्याही: वेगळे होताहेत दोघं. माझा मुलगा आणि तुमची लेक. कागदांवर सह्यासुद्धा झाल्या म्हणे. सात वर्षांचा संसार, आणि मला असं सांगितलं, जसं काही उद्या ढगाळ राहणार आहे.

विहीण: हं.

व्याही: नुसतं हं? अहो, तुमची एकुलती एक… थांबा. तुम्हाला माहीत होतं.

विहीण: घंटा झाली वाटतं.

व्याही: घंटा नाही झाली. कधीपासून माहीत होतं?

विहीण: दीड महिना झाला.

व्याही: म्हणजे मागच्या वेळी, तो वाळूतला नाच बघताना? दोन तास शेजारी बसून मला बिस्किटं देत होतात, आणि पोटात हे?

विहीण: हो. पोटातच होतं.

व्याही: धन्य आहे तुमची. हा घ्या पास, मी निघतो.

दारावरची मुलगी: आजी, आजोबा, दोन मिनिटांत दार बंद होईल हं. नंतर मध्यंतरापर्यंत आत सोडत नाही. तुम्ही जोडीनं बसणार ना?

व्याही: जोडीनं नाही! आम्ही व्याही-विहीण आहोत.

दारावरची मुलगी: सॉरी हं. पण पासावर खुर्च्या शेजारीच आहेत.

विहीण: आहेत, आहेत. चला हो, एवढा पहिला अंक बसा. भांडण मध्यंतरात करू. तिथे चहा मिळतो, घसा ओला राहतो.

व्याही: कुठल्या तोंडानं बसू तुमच्या शेजारी?

विहीण: रोज जे घेऊन फिरता त्याच. चला.

*

विहीण: हा घ्या चहा. इथे बाकावर बसा. पंचवीस मिनिटं आहेत, तेवढ्यात काय भांडायचं ते भांडून घ्या.

व्याही: तो मागचा नदीचा देखावा पाहिलात? अख्खा वर गेला. आवाज नाही, हिसका नाही. वर दोरांवर कुणीतरी मुरलेला गडी बसलाय.

विहीण: झालं! समोर ती बाई काळीज काढून गातेय आणि यांचं लक्ष छताला.

व्याही: बंदरात एकतीस वर्षं क्रेन चालवली. ओझं लटकताना दिसलं की मान आपोआप वर जाते. पण गाणंही ऐकलं मी. ती नावाडीण. ज्याच्यावर जीव, त्याच्याच नवरीला नावेत बसवायचं आणि पलीकडे पोचवायचं. वर पट्टीवर अर्थ येतो ना, तो वाचताना दोनदा चष्मा पुसावा लागला.

विहीण: मला वाटलं झोपलात. पहिल्या ऑपेराला चक्क घोरला होतात.

व्याही: मी घोरत नाही.

विहीण: पुढच्या रांगेतली बाई वळून बघत होती, ती काय कौतुकानं?

व्याही: विषय बदलू नका. दीड महिना गप्प का राहिलात?

विहीण: सांगते. आधी लेकीचं ऐका. घरी आली आणि म्हणाली, "आई, संपलं आमचं." मी विचारलं, हात उगारला का त्यानं? नाही. दारू? नाही. दुसरी कुणी? नाही. मग झालं काय? म्हणाली, "काही झालंच नाही. दोघं एका घरात राहतो आणि बोलायला शब्द नाही. आता तर भांडतही नाही."

व्याही: तो घुमा आहे. माझ्यावर गेलाय. आम्ही बापलेक आयुष्यभर त्याच्या आईमार्फत बोललो. "बाबांना सांग", "त्याला विचार". ती गेली आणि टेलिफोनची तारच तुटली. बोलायला मी शिकवायला हवं होतं त्याला. म्हणून तुमच्यासमोर मान वर होत नाही.

विहीण: तुम्ही घुमे? त्या खुर्चीवाल्या नाटकानंतर बसस्टॉपवर पाऊण तास बोलत होतात. दोन बस सोडल्या आपण.

व्याही: ते नाटकच तसलं. दीड तास माणूस खुर्चीवर बसून, तोंडातून अवाक्षर नाही. मग कुणीतरी बोलायला नको?

विहीण: एक सांगू? या दोन खुर्च्या आपल्यासाठी नव्हत्याच.

व्याही: म्हणजे? पोरांनीच तर दिला पास. म्हणाले, घरी बसून गंजताय, हिंडा जरा, शहरातली नाटकं बघा.

विहीण: दिला आपल्याला, पण घेतला होता स्वतःसाठी. महिन्यातून एक रविवार. कधी नाटक, कधी नाच, कधी गाणं. निदान परतीच्या वाटेवर तरी काही बोलता येईल. पहिल्याच रविवारी दोघांनाही काम निघालं. मग म्हणाले, देऊन टाकू म्हाताऱ्यांना, वाया कशाला.

व्याही: अरे देवा. म्हणजे त्यांच्या औषधाची बाटली आपण संपवली.

विहीण: औषध ज्याला लागू पडायचं त्यालाच पडतं. वॉर्डात कमी पाहिलंय का मी?

व्याही: पण आता आपलं नातं काय उरलं, सांगा. ते त्यांच्यामुळे होतं. खुंटाच उपटला, मग दावं कशाला बांधायचं?

विहीण: मी काय गाय आहे?

व्याही: तसं नव्हे हो…

विहीण: तुम्ही विचारलंत ना, गप्प का राहिले? मग ऐका. घरी मी टीव्ही लावते आणि आवाज बंद ठेवते. खोलीत काहीतरी हलताना दिसावं एवढ्यासाठी. त्यात हा महिन्याचा एक रविवार. लेक माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडत होती, आणि माझ्या मनात आधी काय आलं? आता ते व्याही यायचे नाहीत. पोटच्या पोरीचा संसार मोडतोय, आणि आईला आपल्या नाटकाची पडलीय. स्वतःचीच लाज वाटली. म्हणून नाही सांगितलं. चुकलं माझं.

व्याही: तो कप द्या इकडे.

विहीण: बोला काहीतरी.

व्याही: चहा गार झाला तुमचा. थांबा, दुसरा आणतो.

विहीण: वेळ नाही आता. घंटा झाली. खरंच झाली यावेळी.

*

व्याही: मला वाटलं होतं, बुडवणार. नवरीला नाहीतर स्वतःला.

विहीण: मलाही. पोचवलं की हो नीट पलीकडे. हात धरून उतरवलं तिला.

व्याही: आणि परत येताना गाणं नाही, काही नाही. नुसता वल्ह्याचा आवाज. अख्खं थिएटर श्वास रोखून. मी वर बघितलंसुद्धा नाही.

विहीण: प्रगती आहे. जपून, पायऱ्या गुळगुळीत आहेत. बाहेर अजून ऊन आहे, बघा.

व्याही: विहीणबाई, पोरगी कशी आहे?

विहीण: जेवते, कामाला जाते. रात्री विचारते, "बाबांना कळलं असेल का? काय वाटलं असेल त्यांना?"

व्याही: मला अजून बाबाच म्हणते?

विहीण: मग काय क्रेनवाले म्हणेल?

व्याही: तिला म्हणावं, फोन कर. नाही, राहू द्या. मीच करतो आज. आणि त्यालाही बोलावतो जेवायला. त्याला बोलता येत नसेल तर मी बोलेन. नावाडणीची गोष्ट सांगेन. ऐकून तर घेईल.

विहीण: सांगा. अजून दोन प्रयोग राहिलेत पासावर.

व्याही: पुढचा नाच बंदरातल्या जुन्या गोदामात आहे. सात नंबरचं गोदाम. माझी क्रेन त्याच्याच दारात उभी असायची.

विहीण: मग तासभर आधी जाऊ. दाखवा मला सगळं.

व्याही: येईन मी. पण सह्या झाल्या म्हणजे आता व्याही-विहीण म्हणणं खोटंच. चारचौघांत हाक तरी काय मारायची?

विहीण: नावानं. तुमचं नाव वाचलं होतं मी, पोरांच्या लग्नाच्या पत्रिकेवर. घ्यायची वेळ आली नाही कधी.

व्याही: मग घेऊन बघा.

(ती नाव घेते. आधी हळू, मग नेहमीच्या आवाजात.)

विहीण: काय झालं? चुकलं का काही?

व्याही: नाही. थोरली बहीण गेल्यापासून या नावानं कुणी हाकच मारली नव्हती.

विहीण: मग आता मारलीय ना? ओ द्या की.

व्याही: ओ.